आमेनच्या आधी

मी सोलापुरातल्या एका धर्मशिक्षणाच्या कॉलेजात शिकायला निघाले तेव्हा आईनं एकच विचारलं होतं, "अगं, तुझ्या जिभेला हाड नाही, नाकावर माशी बसू देत नाहीस. तू पाळक होणार आणि लोकांची मनं सांभाळणार?" प्रश्न बरोबर होता. चर्चची मंडळी ज्याच्या हवाली असते त्याला आमच्यात पाळक म्हणतात, आणि त्याचं निम्मं काम म्हणजे गप्प बसून ऐकणं. ते मला तेव्हाही जमत नव्हतं आणि आजही फारसं जमत नाही. तरी गेले. बरीच वर्षं शाळेत शिकवून झाल्यावर, तिशी ओलांडल्यावर, मिसरूड फुटलेल्या पोरांशेजारी बाकावर बसून ग्रीकची रूपं घोकायला लागले.

कॉलेज म्हणजे फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. दगडी चॅपल, वर्गांची एक बैठी इमारत, मुलांचं आणि मुलींचं वसतिगृह, आणि मधोमध मेस. फाटकाबाहेर रिक्षांचा गोंगाट, आत कडुलिंबाखाली वाळत टाकलेल्या चादरी. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी प्राध्यापकसुद्धा तास लवकर सोडायचे, कारण पाणी गेलं की मग कुठलंच शास्त्र कामाला येत नाही. बादल्या भरता भरता आमचं पाठांतर चालायचं. मैंदर्गीकडचा एकजण होता, तो चिडला की कानडीत चिडायचा. विणकरांच्या घरातली एक मुलगी झोपेत तेलुगूत बोलायची. प्रार्थना जो तो आपल्या घरच्या भाषेत करायचा, आणि देवाला सगळं कळतं म्हणून आम्हीही कळल्यासारखी मान हलवायचो.

आता ह्या प्रार्थनांचं जरा सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायीच झालं. आमच्याकडं दिवसाला इतक्या प्रार्थना व्हायच्या की नव्या माणसाला धाप लागावी. सकाळी चॅपलमध्ये, तास सुरू होताना, तास संपताना, जेवणाआधी, कुणी गावाला निघालं तर, कुणी गावाहून आलं तरी. त्याचे काही नियम होते. कुठं लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. एकजण प्रार्थना करणार, बाकीचे डोळे मिटणार. मधे कुणी बोलायचं नाही, प्रार्थना करणाऱ्याला अडवायचं नाही, मग तो काहीही बोलो. शेवटी त्यानं आमेन म्हटलं की सगळ्यांनी आमेन म्हणायचं, म्हणजे त्याचं मागणं ते आपलं सगळ्यांचं मागणं झालं. आणि मेसमध्ये आमेन होईपर्यंत ताटाला हात लावायचा नाही, पोटात कावळे कितीही ओरडोत.

माझी रूममेट उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावातली. माझ्याहून बरीच लहान, उंच, काटक, आणि बोलायला मोजून मापून. ती गावाहून आली की तिच्यासोबत केळ्यांचा हा एवढा घड यायचा. भावाची केळीची बाग होती. खोलीत कपाटाखाली घड पिकत ठेवायचा आणि त्या वासात आम्ही बायबलची मूळ भाषा, हिब्रू, शिकायचो. हिब्रूत ती वर्गात पहिली. मला त्या उजवीकडून डावीकडं जाणाऱ्या लिपीनं वेड लागायची पाळी यायची, आणि ही बाई भाजी निवडावी तशी शब्द निवडून अर्थ सांगायची.

तिला तिच्या गावच्या मंडळीनं पाठवलं होतं. गाव लहान, मंडळी त्याहून लहान, आणि कितीतरी वर्षं पाळक नाही. महिन्यातून एकदा दुसरीकडून कुणीतरी मोटारसायकलवर यायचा, उपासना घ्यायचा आणि जायचा. शेवटी मंडळीचा कारभार बघणाऱ्या म्हाताऱ्या पंचांनी हट्ट धरला की आपल्यातलीच पोर शिकवू. पोर म्हणजे बाईमाणूस म्हटल्यावर गावात वादावादी झाली. पंच बधले नाहीत. तेव्हा ठरलं ते असं: शिक्षण पूर्ण करून आली आणि मंडळीच्या मनाला आली तर तीच पाळक. नाही तर बाहेरून कुणी पुरुष मागवायचा आणि हिचं लग्न लावून द्यायचं. स्थळ भावानं बघूनही ठेवलं होतं. शेवटचं वर्ष चालू होतं, तेव्हा तिच्यासमोर काय होतं ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

आदल्या वर्षी तिची आई गेली. आजार वाईट होता, लांबलाही फार. तिच्या गावानं उपास केले, आम्ही इथं चॅपलमध्ये सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आळीपाळीनं प्रार्थना केली. मला आठवतंय, त्या दिवशी कुणाच्याच मनात शंका नव्हती. इतक्या जणांनी मागितल्यावर देव नाही कसं म्हणेल? पण आई गेली. मातीला आम्हीही गेलो होतो. तिथं कुणीतरी बाई हिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "देवाला चांगली फुलं आवडतात गं, म्हणून तो ती आधी तोडतो." माझ्या तोंडावर आलं होतं की मग मावशी, तुम्ही अजून कशा राहिलात? कसंबसं गिळलं. रूममेटनं त्या बाईकडं नुसतं बघितलं.

सुट्टीनंतर परत आली ती आणखी अबोल होऊन. आणि मग आमच्या दोघींत एक गमतीचा सौदा सुरू झाला. मेसमध्ये जेवणाची प्रार्थना पाळीपाळीनं असायची, आणि रविवारी मेसच्या कामाच्या बायका सुट्टीवर म्हणून भांडी आमच्याकडं. ती म्हणाली, "ताई, माझ्या पाळीची प्रार्थना तू म्हणत जा, तुझी भांडी मी घासते." मी म्हटलं, देव पावला! प्रार्थनेला काय लागतं? दोन मिनिटांचं काम. त्या बदल्यात खरकट्या पातेल्यांपासून सुटका. मी कितीतरी रविवार हात ओले न करता काढले आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होते.

एकदा दुपारी मी तापानं पडले होते. डोकं फुटत होतं. मी म्हटलं, "अगं, जरा डोक्यावर हात ठेवून प्रार्थना कर की." आमच्यात हे पाणी मागण्याइतकं साधं आहे. ती उठली, ओली पट्टी केली, कपाळावर ठेवली, पाय चेपले, चहा करून आणला. प्रार्थना काही केली नाही. मी पुन्हा म्हटलं, तशी खिडकीकडं बघत म्हणाली, "ताई, मला येत नाही आता. आई गेल्यापासून एकदाही नाही केली. डोळे मिटते, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. आणि असला तरी त्याच्याशी बोलायची इच्छा नाही मला."

माझा ताप उतरला की काय कोण जाणे, मी ताडकन उठून बसले. "मग इथं काय करतेस?"

"तेच कळत नाही," ती म्हणाली. "गावाला काय सांगू? आबांना काय सांगू?" आबा म्हणजे तेच म्हातारे पंच. "त्यांनी गोळ्या चालू असताना आईसाठी उपास केला. त्यांना जाऊन सांगू, की तुमची पोर पाळक व्हायला निघाली आणि तिला प्रार्थनाच येत नाही?"

मी एवढंच म्हटलं की प्रार्थना मी म्हणत राहीन, भांडीही आता दोघी मिळून घासू. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती, म्हणून लक्षात आहे.

आता काका. आमच्या वर्गात एक काका होते, खरोखरचे काका. अकलूजकडचे, साखर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलं मार्गी लागलेली. आयुष्यभर काट्यावर ऊस जोखला, आता जरा शास्त्र शिकतो म्हणून आले होते. माणूस लोण्यासारखा. कुणाचं काही दुखलं की ह्यांच्या डोळ्यांत पाणी. प्रार्थना मात्र अशी लांबलचक की विचारू नका. अकलूजहून निघालेली एसटी जशी प्रत्येक थांब्यावर थांबते, तशी काकांची प्रार्थना. आजारी थांबा, म्हातारे थांबा, विद्यार्थी थांबा, पाऊसपाणी थांबा, देशाचे पुढारी थांबा. मेसमध्ये त्यांची पाळी असली की वरणावर साय धरायची. मैंदर्गीवाला दबक्या आवाजात कानडीत काहीतरी म्हणायचा आणि ते प्रार्थनेतलं नसायचं.

रूममेटला काकांचा आधार वाटायचा. वडील लहानपणीच गेलेले, त्यामुळं असेल. एक दिवस तिनं आपण होऊन त्यांना सगळं सांगितलं. "काका, तुमच्यापाशीच ठेवा," असंही म्हणाली. काका रडले. "पोरी, माझ्या पोटात ऱ्हाईल," म्हणाले. आणि ते खोटं बोलले नाहीत, हे मी आजही शपथेवर सांगेन. त्यांनी एका माणसाला ते सांगितलं नाही. सांगितलं ते फक्त देवाला. पण सांगितलं ते साखळी प्रार्थनेत.

साखळी प्रार्थना म्हणजे सगळे गोल बसतात आणि एकापाठोपाठ एक, ज्याच्या मनात येईल तो मोठ्यानं प्रार्थना करतो. दर शुक्रवारी चॅपलमध्ये व्हायची, सगळं कॉलेज हजर असायचं, प्राचार्यांसकट. त्या शुक्रवारी काकांनी तोंड उघडलं. सुरुवातीचे थांबे झाले. मग त्यांचा आवाज भरून आला. "प्रभू, आमच्या एका लेकीला जवळ घे. आई गेल्यापासून ती तुझ्यावर रुसलीया..."

मी डोळे उघडले. शेजारी ती ताठ बसली होती, डोळे मिटून, ओठ घट्ट. काका पुढं निघाले, "...वरीस झालं, तिच्या तोंडून प्रार्थना निघत न्हाय..."

अडवायचं कसं? प्रार्थनेत बोलायचं नाही. खाकरले. उपयोग शून्य. मग मला एकच सुचलं. आमेन म्हटलं की प्रार्थना संपते, नाही का? मी मोठ्यांदा म्हटलं, "आमेन!"

पण आमच्यात मनाला भिडलं तरी मधेच आमेन म्हणतात, हे मी घाईत विसरले. दोन-चार जणांनी माझ्यामागून आमेन म्हटलं. काकांना वाटलं, लोकांची मनं हेलावली. त्यांना चेव चढला. मी पुन्हा म्हटलं, "आमेन!" ह्या वेळी अख्खं चॅपल म्हणालं. काका आता रडत रडत बोलायला लागले, "प्रभू, ती पानी बघून केळ्याच्या बागंत वाढल्याली पोर, तिला कोरडी ठिवू नगंस!" घ्या! केळीची बाग आमच्या कॉलेजात एकीचीच. नाव तेवढं घ्यायचं राहिलं होतं.

प्रार्थना संपली. सगळ्यांनी डोळे उघडले आणि कुणीच तिच्याकडं बघितलं नाही. इतकं ठरवून कुणीच बघितलं नाही, की त्यापेक्षा बघितलेलं परवडलं असतं. ती उठली आणि चपला न घालता खोलीकडं गेली.

माझा राग मस्तकात गेला होता. काकांना मी नळापाशी गाठलं. "काका, काय केलंत हे? पोटात ठेवणार होतात ना?"

ते गोंधळले. "म्या कुणाला सांगितलं? म्या प्रार्थनाच केली की."

"प्रार्थना नाही केलीत, दवंडी पिटलीत! देवाला काय ठाऊक नव्हतं, म्हणून माइकसारखा आवाज लावून सांगितलंत?"

काकांचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. त्यांच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. डोळे मिटून बोलताना त्यांना खरंच फक्त देव दिसायचा. आजूबाजूला आम्ही साठ-सत्तर माणसं कान टवकारून बसलोय, हे त्यांच्या गावीही नसायचं. ते नळाच्या कट्ट्यावर बसले ते बसलेच. बादली भरून वाहायला लागली, ती मीच बंद केली. माझ्या मनातला राग काही लगेच गेला नाही, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून काकांनी मोठ्यानं प्रार्थना करणं सोडून दिलं. पाळी आली की हात जोडून "दुसरं कुणी म्हना" म्हणायचे. वरण गरम मिळायला लागलं आणि ते कुणालाच गोड लागेना.

तिच्यावर तर दयेचा पाऊस पडला. वाईट कुणी बोललं असतं तर मी निस्तरलं असतं, मला तेवढं येतं. पण सगळे चांगलेच वागत होते हो! कुणी दाराखालून बायबलची वचनं लिहून सरकवायचं, कुणी वाटेत थांबवून डोक्यावर हात ठेवायचं, कुणी "आम्ही तुझ्यासाठी मागतोय हं" म्हणून डोळे पुसायचं. माणूस आजारी नसताना सलाइन लावावं तशी गत. आणि मोबाइलवर प्रार्थनेचे जे ग्रुप असतात, त्यातल्या एकावर कुणीतरी टाकलं, आमच्या एका भगिनीच्या विश्वासासाठी विशेष प्रार्थना करा. खाली हात जोडलेल्यांची रांग. ते इकडून तिकडं, तिकडून पलीकडं जात रविवारच्या आत उजनीच्या काठाला जाऊन पोचलं. आबांचा फोन आला. दोनच वाक्यं बोलले. "पोरी, आमी येतूय. समक्ष बोलू."

प्राचार्य सरांनी तिला बोलावलं. ती एकटी जाईना, म्हणून मीही गेले. सर शांत माणूस. म्हणाले, "मी काही लपवणार नाही आणि तुला ढकलणारही नाही. तुला ठाऊक आहे, ज्या गावचे पाहुणे येतात, त्या दिवशी जेवणाची प्रार्थना त्याच गावच्या विद्यार्थ्यानं करायची, हा आपला रिवाज आहे. तुला नको असेल तर तसं सांग. त्या दिवशी मी म्हणेन."

ती म्हणाली, "नको सर. मीच म्हणते."

खोलीवर आल्यावर मी तिच्यामागं लागले. "हे बघ, चार ओळी पाठ कर. अन्नाबद्दल आभार, पाहुण्यांबद्दल आभार, आमेन. पोपटासारखं म्हणायचं. अगं, आम्ही निम्मे लोक रोज तेच करतो! तेवढ्यानं तुझं गाव राहतं, तुझं शिक्षण राहतं, ते स्थळ टळतं. देवाला काय फरक पडतोय?"

"त्याला नाही पडत," ती म्हणाली. "मला पडतो. ताई, मी पाठ केलेलं म्हणून त्या गावची पाळक झाले, तर उद्या कुणाची आई मेल्यावर त्या घरात मी काय तोंडानं जाऊ?"

मी चार ओळी लिहायला घेतलेला कागद वहीत ठेवून दिला.

पाहुणे आले ते पिकअपमधून, आबा आणि दोन पंच. पांढरी टोपी, धुवट धोतर, हातात काठी, आणि सोबत केळ्यांचे दोन घड. "जय ख्रिस्त" म्हणून सगळ्यांना हात जोडले. तिच्याकडं बघून आबा नुसते "बरी हाईस?" एवढंच म्हणाले. ती वाकली, त्यांनी डोक्याला हात लावला न लावला. दोन पंचांपैकी एक सरांच्या मागं मागं हिंडत होता आणि पुरुष पाळक कुठं मिळेल ह्याची चौकशी करत होता. माझ्या कानावर आलं. मी त्याला केळं खायला देऊन दुसरीकडं नेलं.

मेसमध्ये त्या दिवशी पाहुण्यांसाठी कडक भाकरी, शेंगाची चटणी, झणझणीत आमटी, शेवग्याच्या शेंगा आणि गोडाला शेवयांची खीर होती. सगळे बसले. वाढून झालं. काका कोपऱ्यात भिंतीशी, मान खाली घालून. ती आबांच्या शेजारी उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला जमलंच नाही.

काहीच ऐकू येईना. आमटीची वाफ तेवढी वर जात होती. कुणीतरी खोकलं. बाहेर भाजीवाला हाळी देऊन गेला. इतका वेळ झाला की चुळबूळ सुरू झाली. मी काकांकडं बघितलं. एरवी अशा वेळी काका तिच्यासाठी धावून गेले असते, तिच्या तोंडचे शब्द स्वतः बोलून मोकळे झाले असते. त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. माझा राग गेला तो त्या क्षणी. सगळा गेला.

आणि ती बोलली. कॉलेजात आल्यापासून शुद्ध बोलणारी पोर, त्या दिवशी गावच्या बोलीत बोलली.

"देवा, मी तुज्याशी बोलत न्हाय, तुला म्हाईत हाय. आज बोलते, कारन आबा आल्यात. आईला आमी मागितलं हुतं. सगळ्यांनी मागितलं. ह्या म्हाताऱ्या मानसानं गोळ्या खात खात उपास केला. हितल्या लोकांनी दिसभर गुडघं टेकलं. काय लई मागितलं न्हवतं. तू दिलं न्हाईस. बरं, न्हाय दिलंस. पन वर मलाच सांगायला लावतूस, की तू चांगला हायस. कसं सांगू? तूच सांग, कसं सांगू?"

मेसमधल्या एकाही माणसानं आमेन म्हटलं नाही. ती पुढं म्हणाली, "जेवन समोर हाय. ज्यांनी रांदलं त्यांचं भलं कर. पावन्यांचं भलं कर. काकांचं पन कर, ते लई वाळल्यात. माझं तुझं मातुर ऱ्हायलंय अजून."

आणि खाली बसली.

आमेन नाहीच. आम्ही वाट बघत राहिलो. तिनं काही म्हटलं नाही, आणि तिनं म्हटल्याशिवाय दुसऱ्या कुणी म्हणायची पद्धत नाही. एकेकाचे डोळे उघडायला लागले. सर बघत होते, पंच बघत होते, ती ताटाकडं बघत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी सरळ चटणीत पडत होतं. मी मनात म्हटलं, संपलं. गेली ही. बांधा आता बोचकं.

आबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले, मग नाक पुसलं. सावकाश विचारलं, "झालं?"

"न्हाय," ती म्हणाली.

"मग ऱ्हाऊ दे. आपल्या मंडळीत येऊन बोल उरल्यालं. मला बी त्येच इचारायचं हुतं त्याला, पन मी पडलो पंच." त्यांनी कडक भाकरी दोन्ही हातांनी मोडली, कडाकडा आवाज झाला. "तुजं सपलं म्हंजी सांग. आमेन आमी तवा म्हनू."

पुरुष पाळक शोधणारा तो पंच काहीतरी बोलायला गेला. आबांनी त्याच्या ताटात खिरीची वाटी सरकवली. "जेव. निवतंय."

सरांनी हात पुढं केला आणि घास घेतला. मग सगळ्यांनी. त्या मेसमध्ये आमेनशिवाय कधी कुणी जेवलं असेल तर ते त्या दिवशी. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटत होतं, मग भाकरी मोडल्याचे आवाज सगळीकडून यायला लागले. आबा तिला म्हणत होते, "खा गं, लई वाळलीस," आणि ती रडत रडत खात होती. अशी खाताना मी तिला वर्षभरात बघितली नव्हती.

कोपऱ्यात काका मात्र तसेच बसले होते. डोळे गच्च मिटलेले, हात जोडलेले, ताट जसंच्या तसं. मी माझं ताट उचललं आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"काका, डोळे उघडा. जेवा."

ते डोळे न उघडताच म्हणाले, "पन आमेन कुटं झालं अजून?"

"नाही झालं," मी म्हटलं. "प्रार्थना चालू आहे. तुम्ही जेवा."

काकांनी डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, आणि भाकरीचा तुकडा मोडला.